बाही धरायची असते

“निसटलेल्या काचेला हात घालायचा नसतो, हे मला पहिल्याच दिवशी शिकवलं आणि मी ते फार नीट शिकलो.”

हे तो ज्युडो शिकवणाऱ्या मॅडमना म्हणाला होता. त्याच्या तोंडून त्यांनी ऐकलेलं सगळ्यात लांब वाक्य बहुधा हेच. तुमचा हात ऐन वेळी सुटतो कसा, एवढंच त्यांनी विचारलं होतं. उत्तर ऐकून त्यांना ती धंद्यातली एखादी गंमत वाटली. त्या हसल्या आणि दुसऱ्या जोडीकडे वळल्या. त्या वाक्यातून एक बाई सहा पायऱ्या गडगडत खाली गेलेली आहे, हे त्यांना तेव्हा ठाऊक असायचं कारण नव्हतं.

तो काचा बसवायचा. दुकानांच्या दर्शनी काचा, बँकेच्या खिडक्या, दवाखान्यांची दारं, कुणाच्या घरातलं एखादं कपाट. वय बावन्न. धंदा बापाकडून आला आणि धंद्याबरोबर अंगाची एक ठेवणही आली. रिकाम्या हातानं चालत असला तरी तो दारातून तिरका होऊन जायचा. गर्दीत कोपरं अंगाला चिकटलेली असायची. टेबलाच्या कोपऱ्यापासून तो नेहमी वीतभर लांब राही. लग्नाच्या पहिल्याच वर्षी बायको म्हणाली होती, की तुमच्याबरोबर चालताना आपल्या दोघांच्या मधून तुम्ही काहीतरी उभं धरून नेताय असं वाटतं.

काचेचं काम दोघांचं. त्याचा जोडीदार साठीचा होता, बोलायला फटकळ आणि उचलायला सावध. पंचवीस वर्षं दोघं एकाच काचेच्या दोन कडांना होते. एकमेकांना ते काचेतूनच जास्त बघत आले होते, त्यामुळे त्यांच्यात फारसं लपून राहत नसे.

बापाचा नियम साधा होता. सुटली की सुटली. हात वर, पाय मागं. बापाच्या ओळखीतल्या एकानं सुटलेली काच झेलली होती. पुढं जन्मभर त्याच्या उजव्या हाताची चार बोटं मिटली नाहीत. त्या माणसाला बापानं मुद्दाम घरी बोलावून पोराला ती बोटं दाखवली. तेवढ्यावर भागलं नाही. वयाच्या अठराव्या वर्षी एक अख्खा उन्हाळा बापानं त्याला वाळूच्या ढिगापाशी उभं केलं, हातात भंगारातली काच दिली आणि मागून, पुढून, बोलता बोलता, पाणी पिता पिता तिला धक्का दिला. काच सुटली आणि हात पुढं गेला की पाठीत गुद्दा. हात वर गेले आणि पाय मागं आला की काही नाही. शाबासकी हा प्रकार बापाकडे नव्हता. गुद्दा न मिळणं हीच शाबासकी. उन्हाळा संपता संपता विचार आणि हात यांच्यातलं अंतर मिटलं. काच सुटायच्या आधीच जणू हात वर असायचे. पुढच्या चौतीस वर्षांत तीनदा मोठी काच निसटली, तिन्ही वेळा तो आणि जोडीदार जिथल्या तिथं मागं सरकून उभे राहिले, अंगावर ओरखडा नाही. धंद्यात याला हुशारी म्हणतात.

मग मेहुण्याच्या घराचा जिना आला.

तिसऱ्या मजल्यावरून दोघं उतरत होते. लिफ्ट बंद होती. बायकोच्या चपलेचा अंगठा तुटला होता म्हणून तिनं त्याचा हात धरला होता, आणि त्यानंही तिचा धरला होता, हे महत्त्वाचं. घट्ट धरला होता. मेहुण्याच्या नव्या सोफ्यावरून ती काहीतरी बोलत होती, की बसल्यावर माणूस त्यात बुडतो आणि उठायला मदत लागते. तिचा पाय घसरला. तिचा सगळा भार त्याच्या हातात आला, आणि भार आल्या क्षणी त्याचा हात उघडला. पाय एक पायरी मागं, म्हणजे वर, गेला. दोन्ही तळवे खांद्याच्या उंचीला, बोटं पसरलेली. ती सहा पायऱ्या खाली गेली आणि भिंतीपाशी थांबली. तिच्याकडे बघायच्या आधी त्यानं पायऱ्यांकडे बघितलं. तुकडे कुठंपर्यंत उडालेत ते.

हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. मेहुण्याला, डॉक्टरांना, शेजाऱ्यांना बायकोनंच सांगितलं, की चप्पल तुटलेली, हात घामेजलेला, सुटला. हात सुटणं आणि हात सोडणं यात जे अंतर आहे ते फक्त दोन माणसांना माहीत होतं आणि ती दोघं एकाच खोलीत झोपत होती.

उजवं मनगट मोडलं होतं. आत पट्टी बसवली, सहा स्क्रू. बायको शिवणकाम करायची, कपडे लहानमोठे करून द्यायची. पँटची उंची, पडद्यांच्या कडा, कोटाचं अस्तर. प्लॅस्टर निघाल्यावर कात्री तिच्या हातात पूर्ण मिटेना. कापड अर्ध्यावर कापलं जाई आणि तिथं कात्री चावल्यासारखी अडे. ती डाव्या हातानं कापायला शिकू लागली. तोंड मात्र पहिल्यासारखंच चालत होतं. भेटायला आलेल्यांना ती सांगे, “स्क्रू माझ्या मनगटात बसवले, ढिले मात्र ह्यांचे झाले.” सगळे हसत. तोही हसे. मेहुणा जास्तच हसे आणि म्हणे, भावोजी काचेला जपतात, बायकोला कशाला जपतील, बायको कुठं फुटते. बायको भावाला गप्प करायची. त्यानं आणखीच लागायचं.

एक गोष्ट मात्र ती विनोदात घेत नव्हती, कारण ती तिच्याही लक्षात आलेली नसावी. जिना आला की ती कठड्याच्या बाजूला जाई. कठडा त्याच्या अंगाला असेल तर मागून फिरून तिकडे येई. रस्ता ओलांडताना ती पिशवी हात बदलून त्याच्या बाजूच्या हातात घेई, म्हणजे तो हात रिकामा राहत नसे. तिला विचारलं असतं तर तिनं शपथेवर सांगितलं असतं की असं काही नाही.

त्याला माफी नको होती. माफी मागायला गेलं की ती म्हणायची, झालं ते झालं, आता दळण पुरे. त्याला एवढंच हवं होतं, की पुन्हा तशी वेळ आली तर हात उघडू नये. आणि तशी वेळ येईल तेव्हा हात काय करेल हे त्याला स्वतःलाच सांगता येत नव्हतं. बावन्न वर्षांच्या माणसाला आपल्याच हातांची खात्री देता येऊ नये, यासारखी चीड दुसरी नाही.

मनगटाच्या व्यायामासाठी बायको आठवड्यातून दोनदा एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात जायची. तिथल्या मॅडम तिशीच्या, गोल चेहऱ्याच्या, आणि त्यांचे हात मात्र हमालासारखे. संध्याकाळी त्या एका फर्निचरच्या गोदामावरच्या मोठ्या खोलीत ज्युडो शिकवत. एकदा बायकोची बोटं दाबता दाबता त्या दुसऱ्या पेशंटला सांगत होत्या, की लोकांना वाटतं फेकणं म्हणजे ज्युडो. आमच्याकडे पहिल्यापासून एकच घोकून घेतो, फेकलेल्या माणसाला सोडायचं नाही, तो जमिनीला लागेपर्यंत त्याची बाही धरायची असते, नाहीतर त्याचं डोकं आपटेल.

तो बाहेरच्या बाकावर बसून ऐकत होता. दुसऱ्या दिवशी त्यानं नाव घातलं.

जोडीदारानं हे ऐकलं तेव्हा ते एका चपलांच्या दुकानाची काच लावत होते. पुट्टी लावता लावता तो म्हणाला, या वयात म्हातारचळ लागतो हे ऐकलं होतं, पण तो बायकांचा लागतो, गाद्यांवर लोळायचा नाही. घरी बायकोनं एवढंच विचारलं, की ह्यात मारामारी असते का. नसते म्हटल्यावर ती म्हणाली, मग जा. त्याचा पांढरा जाड कोट बाहीला लांब होता. तो तिनं डाव्या हातानं दुमडून शिवून दिला. टाके वाकडे आले.

पहिले तीन आठवडे नुसतं पडायचं. मागं पडा, कुशीवर पडा, तळव्यानं गादीवर थाप मारा. वर्गात वीसेक जण, बहुतेक पंचविशीच्या आतले. एक औषधाच्या दुकानातला कंपाउंडर तेवढा चाळिशीचा. नवीन माणूस पडताना काहीतरी पकडायला बघतो, हवा तर हवा. हा मात्र पहिल्या दिवसापासून हात मोकळे ठेवून पडायचा. मॅडमनी सगळ्यांना थांबवून त्याला मधे बोलावलं आणि म्हणाल्या, बघा, काका कसे पडतात, हात कुठं अडकवत नाहीत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या संध्याकाळी तो जिना उतरताना मनातल्या मनात बापाला शिव्या देत होता.

चौथ्या आठवड्यात धरायला शिकवलं. समोरच्याच्या कोटाची कॉलर एका हातात, कोपराजवळची बाही दुसऱ्या हातात. मग वळायचं, कंबर खाली घ्यायची, समोरच्याला कमरेवरून न्यायचं, आणि तो खाली जाताना बाही वर ओढून धरायची. वळणं जमलं. कंबर जमली. तीस वर्षं वजनं उचललेल्या पाठीला एक माणूस म्हणजे काही जास्त नाही. पण समोरचा हवेत गेला, त्याचा भार बाहीवर आला, की बोटं आपोआप उघडत. हात वर, पाय मागं. आणि खाली कुणीतरी दाणकन पडे.

पहिल्यांदा सगळे हसले. दुसऱ्यांदा मॅडमनी समजावलं. पाचव्या-सहाव्यांदा एका मुलीच्या मानेला झटका बसला, तेव्हा कुणी हसलं नाही. त्याच्याशी जोडी लावायला पोरं टाळू लागली. पँटची नाडी बांधत बसायची, पाणी प्यायला जायची. शेवटी कंपाउंडर पुढं यायचा. तो रोज सकाळपासून लोकांची चिडचिड ऐकणारा माणूस, त्याच्याकडे सहनशक्तीचा साठा होता. काका, मी आहे, टाका मला, असं म्हणायचा आणि आपटायचा आणि उठून पाठ चोळत पुन्हा उभा राहायचा.

कंपाउंडरच्या त्या सौजन्याचा त्याला संताप यायचा. स्वतःच्या बोटांचा तर इतका यायचा, की एकदा घरी जाताना त्यानं बसचा दांडा धरला आणि उतरायचं ठिकाण आलं तरी सोडला नाही. दोन थांबे पुढं जाऊन चालत आला. हातांना शिक्षा द्यायची म्हणून. हातांना त्याचं काय.

त्यानं सगळे उपाय केले. पुट्टीच्या पोत्याला जुना कोट घातला आणि ते कमरेवरून टाकलं. पोतं जाईस्तोवर बोटं धरून राहायची, कारण पोतं हे पोतं आहे हे त्यांना कळत होतं. बाही तळव्याला दोरीनं बांधून पाहिली. मग हात उघडायचा तो उघडायचाच, फक्त कातडं सोलवटून निघायचं. आता सुटणार आहे, आता सुटणार आहे, असं स्वतःला बजावत वळून पाहिलं. बजावणारा एक होता आणि सोडणारा दुसराच कुणी. त्या दुसऱ्याला भाषा येत नव्हती. त्याला फक्त वजन कळायचं.

जोडीदाराला त्याचे सोललेले तळवे दिसले. या खेपेला त्यानं थट्टा केली नाही. व्हॅनच्या मागच्या फळीवर दोघं डबा खात बसले होते, तेव्हा तो म्हणाला, “तिकडं धरायला शिकशील आणि इकडं एक दिवस काच धरशील. मग मला सांगू नकोस की बोटं कुठं गेली. जित्याची खोड असते ना, ती काही खोडींच्या बाबतीत जाऊच नये. तीच आपल्याला जितं ठेवते.”

त्यानंतर पंधरा दिवसांनी एका हॉटेलच्या जिन्यात आरशाची लांब पट्टी जोडीदाराच्या ओल्या हातातून निसटली. दोघांचे हात वर, दोघांचे पाय मागं. आरसा पायऱ्यांवरून फुटत खाली गेला. जोडीदारानं सुस्कारा सोडला आणि त्याच्याकडे बघून हसला, म्हणजे अजून शाबूत आहेस. तो तुकड्यांकडे बघत राहिला. वाचलो याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तीन महिने पालथ्या घड्यावर पाणी घातलं होतं, आणि घडा काही तसूभर कलला नव्हता.

त्या आठवड्यात तो वर्ग सोडणार होता. बायकोला म्हणालाही, की आता बास, हे आपल्याच्यानं होत नाही. ती मशीनवर बसली होती. तिनं पायडल थांबवलं, त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, अजून थोडे दिवस जाऊन बघा, एवढा कोट शिवलाय तो वाया जाईल.

आणि खरंच, पुढच्याच आठवड्यापासून फरक पडला.

आधी त्याचा विश्वास बसला नाही. त्यानं कंपाउंडरला कमरेवरून नेलं आणि कंपाउंडर अलगद, ठेवल्यासारखा गादीवर आला. त्याच्या बाहीवर ताण होता. दोघांचे हात एकमेकांत अडकलेले होते. मॅडम लांबूनच म्हणाल्या, हे बघा, जमलं. त्यानं पुन्हा टाकलं. पुन्हा तसंच. मग त्या मानेला झटका बसलेल्या मुलीनंही यायचं धाडस केलं, आणि तीही हलकेच खाली आली. पाणी प्यायला जाणारी पोरं परत यायला लागली. सहा आठवडे असे गेले. सहा आठवड्यांत त्यानं कुणालाही आपटलं नाही.

तो बदलला. कामावर शीळ घालायला लागला, ती बेसूर होती आणि जोडीदारानं तसं सांगितलं. घरी आल्यावर कोट बाल्कनीत वाळत घालताना तो बायकोला आज कुणाकुणाला टाकलं ते सांगायचा. एरवी ताकास तूर न लागू देणारा माणूस, पण आता बोलता बोलता तिच्यासमोर हवेतली बाही धरून दाखवायचा. ती डाव्या हातानं कापड कापता कापता हूं हूं करायची, आणि मधेच नजर खाली घ्यायची. त्याला वाटायचं तिला कापडाची रेघ दिसत नसेल. त्यानं तिच्या टेबलावरचा दिवा बदलून दिला.

पिवळ्या पट्ट्याची परीक्षा जवळ आली. पहिला पट्टा, पोराटोरांना मिळतो तो. त्यानं तिला सांगितलं, की तू यायचं. एवढंच सांगितलं, पण ते ज्या तऱ्हेनं सांगितलं त्यावरून तिला कळलं असणार की हे नुसतं बघायला बोलावणं नाही. ती म्हणाली, येते.

परीक्षा सकाळची होती. भिंतीकडेला खुर्च्या मांडल्या होत्या. तिथं बायको मांडीवर पर्स घेऊन बसली, आई-बापांच्या ओळीत, नवऱ्याची परीक्षा बघायला आलेली एकटीच. बाहेरून परीक्षक आले होते. पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे. त्यांनी आपल्याबरोबर दुसऱ्या एका वर्गातले सहा-सात जण आणले होते, आणि पहिलंच काम त्यांनी हे केलं, की जोड्या मोडल्या. आपल्या घरच्या माणसाला सगळेच उचलतात, म्हणाले, परक्याला उचलून दाखवा. मॅडमचा चेहरा उतरला. त्या परीक्षकांच्या कानाशी जाऊन काहीतरी बोलल्या. परीक्षकांनी मान हलवली. सगळ्यांना एकच नियम.

त्याच्या वाट्याला एक पोस्टमन आला. गुबगुबीत, हसरा, त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. वाकून नमस्कार झाला. पोस्टमननं सांभाळून घ्या अशी खूण केली, त्यानं काळजी करू नका अशी खूण केली, आणि ती खूण करताना त्याला मनापासून तसंच वाटत होतं.

कॉलर धरली. बाही धरली. वळला, आणि ती फेक त्याच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली फेक होती. पोस्टमनचं सगळं अंग त्याच्या कमरेवरून पान उलटावं तसं गेलं. बाहीवर भार आला. बोटं उघडली. पाय मागं गेला.

पोस्टमन खांद्यावर आपटला. गाद्यांखालची लाकडी जमीन दणाणली.

खुर्च्यांच्या ओळीत कुणीतरी हाय करून श्वास घेतला. पोस्टमन काही क्षण डोळे मिटून पडून राहिला, मग उठून बसला, खांदा गोल फिरवून पाहिला. मोडलं नव्हतं. त्यानंच वातावरण हलकं करायला म्हटलं, “आमच्याकडे पार्सलसुद्धा याहून हळू टाकतात, काका.” काही जण हसले.

तो तसाच उभा होता, तळवे वर धरून. मग त्यानं ते खाली घेतले आणि मॅडमकडे बघितलं. त्याचा आवाज साधा होता. तो म्हणाला, “मॅडम, सहा आठवडे मी धरत होतो.”

मॅडमनी कंपाउंडरकडे बघितलं. कंपाउंडर गादीच्या कडेला मांडी घालून बसला होता. गिऱ्हाइकाला औषध संपलंय हे सांगताना करावा तसा चेहरा करून तो उठला.

“तुम्ही नव्हता धरत, काका,” तो म्हणाला. “आम्ही धरत होतो. तुमची बाही धरून आम्हीच खाली यायचो. मॅडमनी सगळ्यांना शिकवून ठेवलं होतं.”

तो एकेकाकडे बघत गेला. मानेला झटका बसलेली मुलगी, पाणी प्यायला जाणारी पोरं. सगळ्यांनी नजरा पायांच्या बोटांकडे वळवल्या. वीस माणसांनी सहा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, एका माणसाला कळू न देता त्याचा हात धरून ठेवला होता. आणि तो घरी जाऊन हवेतली बाही धरून दाखवत होता.

परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं. ते म्हणाले की पहिल्या पट्ट्याला एवढं ताणत नाहीत. फेक उत्तम आहे, पाया चांगला आहे, सोडण्याचं पुढं बघता येईल. मॅडमनी लगेच पट्ट्यांच्या गठ्ठ्यातून एक पिवळा पट्टा काढला आणि त्याच्या हातात दिला. बोलल्या त्या हळू, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं. तुम्ही सोडून जाल अशी घरी भीती होती, त्या म्हणाल्या. तुमच्याच भल्यासाठी केलं.

घरी, हा शब्द त्यानं ऐकला. त्यानं खुर्च्यांकडे वळून बघितलं.

बायको उठून उभी राहिली होती. पर्स तिनं छातीशी धरली होती. नेहमीचा विनोद तिच्या चेहऱ्यावर येऊन परत गेला.

“मीच सांगितलं मॅडमना,” ती म्हणाली.

त्यानं विचारलं, काय सांगितलं.

“सगळं. जिन्यावर तुम्ही माझा हात सोडलात ते.”

दहा महिन्यांत हे पहिल्यांदा मोठ्यानं बोललं गेलं होतं, आणि ते परक्या माणसांच्या खोलीत, हातात पिवळा पट्टा असताना. तिनं ते आरोपासारखं म्हटलं नव्हतं. किराणा संपल्याचं सांगावं तसं म्हटलं. त्यामुळे त्याला अंग चोरायलाही जागा राहिली नाही.

“किती दिवस बघायचं मी?” ती पुढं म्हणाली. “रात्र रात्र तुमची बोटं चादरीत चालू असतात. मला वाटलं, एक पट्टा मिळेल, तुम्हाला वाटेल जमलं, आणि सुटेल हे डोक्यातून. मला काय करायचंय तुम्ही धरता की सोडता. मी सांभाळते ना माझं माझं. शिकलेय मी आता.”

तिला हे सांत्वन म्हणून म्हणायचं होतं. खोलीतल्या सगळ्यांना ते तसंच वाटलं असावं, कारण मॅडमनी समजुतीनं मान हलवली आणि पोस्टमन खांदा चोळायचा थांबला. त्याला मात्र त्या शेवटच्या दोन वाक्यांत आपला निकाल ऐकू आला. कागदावरचा नव्हे. तिनं आपली सोय करून घेतली होती. त्याचा हात धरेल की नाही, या प्रश्नाचं उत्तर आता कुणालाच नको होतं, त्याच्याशिवाय.

तो कंपाउंडरकडे गेला. त्याच्यासमोर उभा राहिला आणि त्याच्या कोटाची कॉलर धरली, मग बाही. म्हणाला, पुन्हा. आणि तुम्ही धरायचं नाही. कंपाउंडरनं मॅडमकडे बघितलं. मॅडम नको म्हणाल्या, आज नको, काका, तुम्ही आत्ता रागात आहात. त्यानं ऐकलं नाही. तो वळला, कंबर खाली घेतली, आणि कंपाउंडरचे पाय गादीवरून सुटले.

कंपाउंडर हसतमुख माणूस होता, आणि त्याला खरंच धरायचं नव्हतं. पण सहा आठवडे त्यालाही एक सवय लागली होती. हवेत जाता जाता त्याच्या बोटांनी आपण होऊन समोरची बाही पकडली, आणि तो अलगद, ठेवल्यासारखा, खाली आला.

खाली पडल्या पडल्या कंपाउंडर म्हणाला, “माफ करा काका, हात ऐकत नाही.”

त्यानं वाकून कंपाउंडरची बोटं एकेक करून आपल्या बाहीवरून सोडवली. घाई केली नाही. मग सरळ उभा राहिला. पिवळा पट्टा गादीवर पडला होता, तो उचलून त्यानं परीक्षकांच्या टेबलावर, त्यांच्या कागदांच्या बाजूला ठेवला. बायको म्हणाली, अहो, थांबा, मी चप्पल घालते. मॅडम म्हणाल्या, काका, बसा जरा, पाणी घ्या. पोस्टमनही काहीतरी म्हणाला.

तो खुर्च्यांच्या ओळीसमोरून गेला, दाराशी ठेवलेल्या बुटांत पाय घातले, नाड्या न बांधताच, आणि बाहेर पडला.